चिन्हमाला व आवर्तन
अक्षरे, अंक, विरामचिन्हे, मोकळ्या जागा इ. चिन्हांच्या ठराविक क्रमाने मांडलेल्या सांत मालिकेस संगणकशास्त्रात चिन्हमाला म्हणतात. एखादा आज्ञासमूह ठरलेल्या संख्येइतक्या वेळा अथवा ठरलेली अट पूर्ण होईपर्यंत पुनःपुन्हा अंमलात आणण्याच्या रचनेस आवर्तन अशी संज्ञा आहे. इंग्रजीतील स्ट्रिंग व लूप या शब्दांनी त्या अनुक्रमे ओळखल्या जातात व मराठी भाषकांतही ते शब्द रूढ आहेत. आज्ञावली लिहिण्याचे प्राथमिक शिक्षण घेणाऱ्यास या दोन्ही संकल्पना बहुधा एकाच वेळी भेटतात. चिन्हमालेत किती चिन्हे असतील हे आज्ञावली लिहिताना माहीत नसते. त्यामुळे प्रत्येक चिन्हासाठी स्वतंत्र आज्ञा लिहिणे शक्य नसते. एकच आज्ञा प्रत्येक चिन्हावर क्रमाने चालविणे हाच मार्ग उरतो आणि तो आवर्तनाचा होय.

जपमाळेच्या उदाहरणाने ही कल्पना स्पष्ट होते. माळेत १०८ मणी आणि त्यांखेरीज एक मेरुमणी असतो. जप करणारा प्रत्येक मण्यावर एकच क्रिया करतो व पुढच्या मण्याकडे जातो. जप पुरा झाला हे त्याला दोन प्रकारे कळू शकते : मणी मोजीत १०८ पर्यंत जाऊन किंवा मोजदाद न करता मेरुमण्याचा बोटांना स्पर्श होताच थांबून. संगणकातील आवर्तनांचेही हेच दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यास गणनाश्रित व दुसऱ्यास अटाश्रित आवर्तन म्हणता येईल. मेरुमणी ओलांडावयाचा नाही हा जपाचा नियम आहे. चिन्हमालेची सीमा ओलांडू नये हा आज्ञावली लेखनाचाही नियम असून त्याच्या उल्लंघनाचे परिणाम गंभीर असतात, हे पुढे दिसून येईल.

इतिहास : आवर्तनाची कल्पना प्रत्यक्ष संगणकाहून जुनी आहे. चार्ल्स बॅबेज (१७९१–१८७१) यांच्या नियोजित वैश्लेषिक यंत्राविषयी एडा लव्हलेस (१८१५–५२) यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपांत क्रियांचा एखादा गट चक्राप्रमाणे पुनःपुन्हा करण्याची पद्धत वर्णिलेली आहे. बेर्नुली संख्या काढण्यासाठी तिचा वापर कसा करावा, हेही त्यांनी कोष्टकरूपाने दाखविले. ते यंत्र मात्र पूर्ण होऊ शकले नाही. जॉन बॅकस (१९२४–२००७) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये उपलब्ध केलेल्या फोर्ट्रान या भाषेत आवर्तनासाठी ‘डू’ ही आज्ञा होती. तथापि ती भाषा मुख्यतः संख्यांच्या आकडेमोडीसाठी होती. अक्षरी मजकुरावरील क्रियांसाठी बेल प्रयोगशाळेत १९६२ मध्ये स्नोबॉल ही भाषा तयार करण्यात आली. डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्‌झ यांनी १९६४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी निर्माण केलेल्या बेसिक भाषेतील ‘फॉर’ व ‘नेक्स्ट’ या आज्ञांच्या जोडीने अनेक पिढ्यांना आवर्तनाचा परिचय करून दिला. क्रमाने चालणाऱ्या आज्ञा, अटीनुसार निवड व आवर्तन या तीन रचना कोणत्याही गणनविधीच्या मांडणीस पुरेशा आहेत, असे कोराडो बोम व ज्यूझेप्पे याकोपिनी यांनी १९६६ मध्ये सिद्ध केले. १९९१ मध्ये प्रथम प्रसृत झालेल्या पायथन या भाषेत चिन्हमालेतील चिन्हे एकामागून एक हाती देणारे आवर्तन भाषेच्या मूळ रचनेतच अंतर्भूत आहे. प्राथमिक शिक्षणात ती भाषा आता मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

चिन्हमालेचे स्वरूप : संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात, केवळ संख्या असतात. म्हणून प्रत्येक चिन्हास एक संख्या नेमून दिलेली असते. तिला त्या चिन्हाचा संकेतांक म्हणतात. अमेरिकेत १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आस्की या संकेतप्रणालीत १२८ संकेतांकांची सोय आहे. तीत इंग्रजीच्या मोठ्या लिपीतील पहिल्या अक्षराचा संकेतांक ६५, लहान लिपीतील पहिल्या अक्षराचा ९७ व शून्य या अंकचिन्हाचा ४८ आहे. जगातील सर्व लिप्यांसाठी आखलेल्या युनिकोड या प्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तीत देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ हे १२८ संकेतांक राखलेले आहेत. उदा., क चा संकेतांक २३२५, म चा २३५० व र चा २३५२ आहे.

संख्या आणि संख्येचे अक्षरी रूप यांतील भेद नवशिक्याने प्रथम ध्यानी घ्यावा लागतो. १२ व ७ या संख्यांची बेरीज १९ होते. परंतु ‘१२’ व ‘७’ या चिन्हमाला एकापुढे एक जोडल्यास ‘१२७’ ही चिन्हमाला मिळते. वापरणाऱ्याने कळफलकावर टंकित केलेली संख्या आज्ञावलीस पुष्कळदा चिन्हमालेच्या रूपात मिळते. तिचे संख्येत रूपांतर करणे हे आवर्तनाचे एक उत्तम उदाहरण आहे. आरंभी फलित शून्य घ्यावे. नंतर डावीकडून प्रत्येक चिन्हासाठी फलितास १० ने गुणून त्यात त्या चिन्हाचा संकेतांक वजा शून्यचिन्हाचा संकेतांक ही वजाबाकी मिळवावी. देवनागरी अंकांचे संकेतांक २४०६ ते २४१५ असे सलग आहेत. त्यामुळे ‘४०७’ या मालेतील पहिल्या चिन्हापासून २४१० − २४०६ = ४ मिळतात. फलित क्रमाने ०, ४, ४०, ४०७ असे होत जाते. माला तीन चिन्हांची असो की तेरा चिन्हांची, आज्ञा त्याच राहतात.

आवर्तनाचे घटक : कोणत्याही आवर्तनात चार घटक असतात : (१) आरंभ, म्हणजे ज्या चलांवर आवर्तन अवलंबून आहे त्यांना दिलेली पहिली मूल्ये, (२) अट, म्हणजे आणखी एक फेरा करावयाचा की नाही याचा निर्णय करणारे विधान, (३) क्रिया, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात करावयाचे काम आणि (४) प्रगती, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात शेवटाकडे नेणारा बदल. ‘कडक’ या चिन्हमालेत क किती वेळा आला आहे हे मोजावयाचे झाल्यास आरंभी मोजणी ० व स्थान ० घ्यावे; स्थान हे मालेच्या लांबीहून लहान असेपर्यंत त्या स्थानावरील चिन्ह पाहावे; ते क असल्यास मोजणी १ ने वाढवावी; नंतर स्थान १ ने वाढवावे. स्थान ०, १ व २ असताना मोजणी अनुक्रमे १, १ व २ होते. स्थान ३ होताच अट असत्य ठरते व आवर्तन संपते.

या प्रत्येक फेऱ्यानंतर एक विधान सत्य राहते : मोजणी ही आतापर्यंत पाहिलेल्या चिन्हांपैकी क या चिन्हांची संख्या आहे. आवर्तन चालू असताना ढळत नाही अशा विधानास आवर्तनाचे अचल विधान म्हणतात. आज्ञावलीच्या अचूकपणाची सिद्धता अशा विधानांच्या आधारे देण्याची पद्धत रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ मध्ये व टोनी होर यांनी १९६९ मध्ये मांडली. नवशिक्याने प्रत्येक आवर्तन प्रथम कागदावर चालवून पाहावे आणि प्रत्येक फेऱ्यातील चलांची मूल्ये स्तंभांत लिहावीत, असे शिक्षक सांगतात. या सवयीचा तात्त्विक आधार हाच आहे.

सीमांविषयीच्या चुका : वरील उदाहरणात स्थानांची मोजणी शून्यापासून केली आहे. सी, जावा, पायथन इ. भाषांत हीच पद्धत आहे. तीन चिन्हांच्या मालेतील स्थाने ०, १ व २ होत. ३ हे स्थान अस्तित्वात नसते. ‘लांबीहून लहान’ या अटीऐवजी ‘लांबीहून लहान किंवा समान’ अशी अट लिहिल्यास आवर्तन एक फेरा जास्त करते. आरंभ १ पासून केल्यास पहिले चिन्ह वगळले जाते. दहा खांबांच्या कुंपणात खांबांमधील अंतरे नऊच असतात हे विसरणारा जी चूक करतो तिच्याच जातीची ही चूक आहे. एट्सखर डाइक्स्ट्रा (१९३०–२००२) यांनी १९८२ मधील एका टिपणात मोजणी शून्यापासून का करावी याचे विवेचन केले आहे. आरंभ समाविष्ट व शेवट असमाविष्ट अशी सीमा घेतल्यास दोन सीमांमधील वजाबाकी हीच फेऱ्यांची संख्या ठरते आणि लगतच्या दोन भागांपैकी एकाचा शेवट हाच दुसऱ्याचा आरंभ होतो, हे त्या पद्धतीचे लाभ होत.

एकही चिन्ह नसलेल्या मालेस रिक्त चिन्हमाला म्हणतात. तिची लांबी शून्य असल्याने आवर्तनाचा एकही फेरा व्हावयास नको. आरंभीच्या फोर्ट्रानमध्ये ‘डू’ आवर्तनाची अट फेऱ्याच्या शेवटी तपासली जात असल्याने निदान एक फेरा होतच असे. फोर्ट्रान ७७ या प्रमाणित आवृत्तीत शून्य फेऱ्यांची तरतूद झाली. वापरणाऱ्याने काहीही न टंकिता रकाना रिकामा सोडणे ही नित्याची गोष्ट आहे. म्हणून आज्ञावलीची परीक्षा रिक्त माला, एका चिन्हाची माला व दीर्घ माला या तिन्हींवर घ्यावी लागते.

न थांबणारे आवर्तन : प्रगतीची आज्ञा वगळल्यास अथवा काही परिस्थितीत ती अंमलात न आल्यास अट सदैव सत्य राहते व आवर्तन कधीच संपत नाही. अनुभवी आज्ञावलीकारांकडूनही ही चूक होते. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीची झून ३० या नावाची संगीत ऐकण्याची उपकरणे एकाएकी बंद पडली. त्यांच्या घड्याळाच्या आज्ञावलीत १९८० पासून लोटलेल्या दिवसांतून एकेका वर्षाचे दिवस वजा करीत चालू वर्ष ठरविणारे आवर्तन होते. उरलेले दिवस ३६५ हून अधिक असेपर्यंत ते चालू राही. परंतु लीप वर्ष असल्यास दिवस ३६६ हून अधिक असतील तरच वजाबाकी होई. २००८ हे लीप वर्ष असल्याने त्या दिवशी उरलेले दिवस नेमके ३६६ होते. आवर्तनाची अट सत्य, पण वजाबाकीची अट असत्य ठरल्याने कोणताही बदल न होता तेच फेरे चालू राहिले. दुसऱ्या दिवशी ही संख्या बदलल्यावर, विद्युत् घट पूर्ण उतरू देऊन पुन्हा भारित केलेली उपकरणे पूर्ववत चालू लागली. चार वर्षांतून एकदाच येणाऱ्या एका दिवसाची परीक्षा घेतली गेली नव्हती.

एखादी आज्ञावली दिलेल्या माहितीवर थांबेल की नाही, हे सर्व आज्ञावलींच्या बाबतीत अचूकपणे सांगणारा एकच सर्वसाधारण गणनविधी असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग (१९१२–५४) यांच्या १९३६ मधील कार्यावरून निष्पन्न होते. म्हणून प्रत्येक आवर्तन का थांबते याचे कारण ते लिहिणाऱ्यानेच शोधून ठेवणे इष्ट असते. बहुतेक प्रसंगी ते सोपे असते : प्रत्येक फेऱ्यात लहान होत जाणारी, पण शून्याखाली न जाणारी एखादी पूर्णांक संख्या दाखविता आली की पुरते.

सीमेपलीकडील लेखन : डेनिस रिची (१९४१–२०११) यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत विकसित केलेल्या सी भाषेत चिन्हमालेची लांबी वेगळी नोंदलेली नसते. मालेच्या शेवटी शून्य हा संकेतांक ठेवलेला असतो व तो भेटेपर्यंत आवर्तन चालते. मेरुमण्यासारखीच ही योजना आहे. मेरुमणी हरवला तर माळेचा शेवट कळत नाही. त्याप्रमाणे ते शून्य नसल्यास आवर्तन मालेपलीकडील स्मृती वाचीत सुटते. मालेची प्रत करताना मूळ मालेचा शेवट पाहिला, पण प्रतीसाठी राखलेली जागा किती हे पाहिले नाही, तर शेजारच्या स्मृतीतील माहिती पुसली जाते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या ‘मॉरिस वर्म’ या आज्ञावलीने संगणकांत शिरण्यासाठी वापरलेल्या मार्गांपैकी एक याच प्रकारचा होता. आलेली ओळ ५१२ बाइटांच्या जागेत वाचून घेणारे आवर्तन ओळ संपली की नाही एवढेच पाहत असे. जागा संपली की नाही हे पाहत नसे. मुद्दाम लांबविलेल्या ओळीने त्या जागेपलीकडे नव्या आज्ञा लिहिल्या गेल्या व संगणक त्या पाळू लागला. जावा, पायथन इ. भाषांत प्रत्येक स्थान सीमेच्या आत आहे की नाही हे आपोआप तपासले जाते. त्यामुळे अशी चूक होताच आज्ञावली थांबते, शेजारची माहिती मात्र सुरक्षित राहते.

परिश्रमाचे मापन : उत्तर बरोबर असूनही आवर्तन अतिशय मंद असू शकते. अनेक भाषांत एकदा तयार झालेली चिन्हमाला बदलता येत नाही. तिला एक चिन्ह जोडावयाचे म्हणजे सर्व चिन्हांची नवी प्रत करावी लागते. अशा भाषेत रिक्त मालेपासून आरंभ करून एकेक चिन्ह जोडीत १,००० चिन्हांची माला तयार केल्यास १ + २ + ३ + … + १,००० म्हणजे ५,००,५०० चिन्हांची प्रत करावी लागू शकते. सर्व तुकडे प्रथम यादीत ठेवून शेवटी एकदाच जोडल्यास काम चिन्हसंख्येच्या प्रमाणात राहते. मजकुरात एखादा शब्द शोधण्याच्या सरळ रीतीत आवर्तनाच्या पोटात दुसरे आवर्तन असते : बाहेरचे आवर्तन शब्दाचे आरंभस्थान एकेक पुढे सरकविते, तर आतले आवर्तन तेथून चिन्हे जुळतात की नाही हे पाहते. १,००० चिन्हांच्या मजकुरात ५ चिन्हांचा शब्द शोधताना ९९६ आरंभस्थाने व जास्तीत जास्त ४,९८० तुलना होतात. न जुळलेल्या प्रयत्नातून मिळालेल्या माहितीचा उपयोग करून तुलना वाचविणारे दोन प्रसिद्ध गणनविधी १९७७ मध्ये प्रकाशित झाले. त्यांपैकी एक क्नूथ, मॉरिस व प्रॅट यांचा आणि दुसरा बॉयर व मूर यांचा होय.

देवनागरी चिन्हमाला : आतापर्यंतच्या विवेचनात मालेतील एकेक घटक कोणता, हा प्रश्न उपस्थित झालेला नाही. इंग्रजी मजकुरात बहुतेक ठिकाणी एक अक्षर म्हणजे एक संकेतांक असल्याने तो सहसा उपस्थित होत नाही व पाठ्यपुस्तकांतही त्याचा विचार क्वचितच केलेला असतो. मराठी शब्दावर तीच उदाहरणे चालविताच मात्र तो टाळता येत नाही. युनिकोडमध्ये व्यंजन, स्वरमात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याचे चिन्ह इत्यादींना स्वतंत्र संकेतांक आहेत. ‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ व दीर्घ वेलांटी अशा पाच चिन्हांचा बनतो. त्यांचे संकेतांक २३५०, २३५२, २३६६, २३३६ व २३६८ होत. वाचणारा मात्र त्यात म, रा, ठी अशी तीनच अक्षरे मोजतो. ‘महाराष्ट्र’ या शब्दात वाचणाऱ्यास चार अक्षरे दिसतात. पायथन भाषा त्याची लांबी १० सांगते, कारण ती संकेतांक मोजते. सी भाषेतील लांबी मोजणारे आवर्तन बाइट मोजते आणि यूटीएफ–८ या साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागत असल्याने ते ३० हे उत्तर देते. मोडी लिपीचा समावेश युनिकोडमध्ये २०१४ साली झाला. तिचे संकेतांक ६५,५३५ च्या पुढचे असल्याने जावास्क्रिप्ट या भाषेत मोडीचे प्रत्येक चिन्ह दोन घटक म्हणून मोजले जाते. या उत्तरांपैकी कोणतेही चुकीचे नाही. प्रत्येक उत्तर वेगळ्या प्रश्नाचे आहे.

चिन्हमाला उलट क्रमाने लिहिणे हा नवशिक्यांचा नेहमीचा अभ्यास आहे. ‘मराठी’ हा शब्द चिन्हशः उलटल्यास आरंभी आधाराविना वेलांटी व तिच्यापुढे ठा, र, म अशी निरर्थक रचना मिळते. अक्षरशः उलटल्यास ‘ठीराम’ मिळते. उलटसुलट सारखाच वाचला जाणारा शब्द ओळखण्यासाठी एक स्थान मालेच्या आरंभी व दुसरे शेवटी घ्यावे. पहिले दुसऱ्याहून लहान असेपर्यंत त्या दोन स्थानांवरील चिन्हांची तुलना करावी व दोन्ही स्थाने एकेकाने आत सरकवावीत. कोठेही भेद आढळल्यास उत्तर नकारार्थी द्यावे. ‘कडक’, ‘सरस’ व ‘नयन’ या शब्दांना ही रीत योग्य उत्तर देते. परंतु ‘जहाज’ व ‘नवजीवन’ हे शब्द ती नाकारते. ‘नवजीवन’ या शब्दात न, व, ज, वेलांटी, व, न अशी सहा चिन्हे असून मधल्या जोडीत ज ची तुलना वेलांटीशी होते. आवर्तन निर्दोष आहे, सीमाही बरोबर आहेत. मात्र घटकाची निवड चुकली आहे.

यावर उपाय म्हणजे प्रथम एका आवर्तनाने चिन्हांचे अक्षरांत गट पाडणे. त्याचा नियम स्थूलमानाने असा आहे : चालू चिन्ह मात्रा, अनुस्वार, चंद्रबिंदू, विसर्ग, नुक्ता किंवा पाय मोडण्याचे चिन्ह असल्यास ते मागील गटात घालावे, मागील चिन्ह पाय मोडण्याचे असून चालू चिन्ह व्यंजन असल्यास तेही त्याच गटात घालावे, एरव्ही नवा गट सुरू करावा. ‘महाराष्ट्र’ वर हा नियम चालविल्यास म, हा, रा, ष्ट्र हे चार गट पडतात. पहिलेच चिन्ह मात्रा असेल तर मागील गट नसतो. या प्रसंगाची तरतूद आरंभीच करावी लागते. वाचणाऱ्याच्या दृष्टीने एक अक्षर कोणते याचे सर्वसाधारण नियम युनिकोडच्या मजकूर विभाजनविषयक जोडपत्रात दिलेले आहेत. २०२३ मधील १५.१ या आवृत्तीपासून देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे एकत्र ठेवण्याचा नियमही त्यांत समाविष्ट झाला आहे.

तुलना करणाऱ्या आवर्तनांपुढेही अशाच अडचणी येतात. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ हे चिन्ह २३५३ या एका संकेतांकाने किंवा र (२३५२) व नुक्ता (२३६४) अशा दोन संकेतांकांनी लिहिता येते. दिसण्यात दोन्ही सारखे, परंतु चिन्हशः तुलना त्यांना भिन्न ठरविते. म्हणून तुलनेपूर्वी सर्व मजकूर एकाच प्रमाणरूपात आणावा लागतो. क्रम लावताना केवळ संकेतांक पाहिल्यास ळ (२३५५) हे व्यंजन व (२३५७) च्या आधी येते. मराठी वर्णमालेत मात्र ळ चे स्थान ह नंतर आहे. परिणामी संकेतांकांनुसार ‘काळा’ हा शब्द ‘कावळा’ या शब्दाच्या आधी, तर वर्णानुक्रमाने त्याच्या नंतर येतो. कोश, नावांच्या याद्या व ग्रंथसूची तयार करताना संकेतांकांऐवजी भाषेच्या वर्णक्रमाचे कोष्टक वापरणे यासाठीच आवश्यक ठरते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. भ्रमणध्वनीवरील एका लघुसंदेशात मूळ लॅटिन चिन्हसंचातील १६० चिन्हे मावतात, तर देवनागरी संदेशात ७०. या ७० मध्ये प्रत्येक काना व वेलांटी वेगळी मोजली जाते आणि ‘महाराष्ट्र’ हा एक शब्दच १० चिन्हे व्यापतो. एखाद्या नोंदणीपत्रकात नावासाठी २० बाइटांची मर्यादा घातली, तर वीस अक्षरी इंग्रजी नाव पूर्ण मावते. देवनागरीत मात्र सहा चिन्हेच पुरी बसतात व सातव्याचे तीनपैकी दोन बाइट उरून ते चिन्ह निकामी होते. असे तोडलेले नाव पुढे दुसऱ्या दप्तराशी जुळविताना जुळत नाही व ते नाव धारण करणाऱ्या व्यक्तीस आपली ओळख नव्याने पटवून द्यावी लागते.

चिन्हमालेवरील आवर्तन लिहिण्यापूर्वी म्हणून तीन बाबी निश्चित कराव्या लागतात : मोजावयाचा घटक बाइट, संकेतांक की अक्षर, आरंभ व शेवटाच्या सीमा, रिक्त मालेसह, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर सत्य राहणारे विधान. भाषा कोणतीही निवडली तरी या तीन बाबींचा निर्णय यंत्रावर सोपविता येत नाही. आज्ञावलीच्या परीक्षेसाठी घेतलेल्या शब्दांत ‘कडक’ बरोबर ‘नवजीवन’ व एक रिकामी माला असल्यास वर वर्णिलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा पहिल्याच दिवशी उघडकीस येतात.